नेट नसलेल्या शाळेच्या लॅबसाठी डेबियनची पॅकेजेस डिपेंडन्सीसकट स्क्रिप्टने कशी गोळा करायची?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. आजऱ्याकडच्या एका गावातल्या शाळेची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळतो, म्हणजे नोकरी कोल्हापुरात आणि सुट्टीला गावी गेलो की लॅब. १४ मशीन आहेत, सगळी देणगीत आलेली जुनी, डेबियन १२ (लिनक्स) आणि एक्सएफसीई डेस्कटॉप टाकलंय आणि त्यावर छान चालतात. आपसात लॅनने जोडलेली आहेत, स्विच आहे, पण इंटरनेट नाही आणि इतक्यात येईल असंही दिसत नाही. मोबाईलला रेंज यायला शाळेमागच्या टेकाडावर जावं लागतं, तिथून काय शेकडो एमबी उतरवणार.

तर मुलांसाठी जीकॉम्प्री, केटर्टल, स्टेलॅरियम, थॉनी, लिब्रेऑफिसचा मराठी इंटरफेस आणि मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन एवढं टाकायचंय, आणि पुढे दर सत्राला त्यात थोडी भर पडणार. कोल्हापुरात माझ्या लॅपटॉपवर सगळं उतरवून पेनड्राइव्हने न्यायचं असा बेत आहे. नेटवर सगळीकडे सापडते तीच पद्धत घेऊन स्क्रिप्ट केली, म्हणजे “ॲप्ट-कॅशे डिपेंड्स --रिकर्स” ने पॅकेजची आणि त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजेसची (डिपेंडन्सीची) सगळी नावं काढायची, सॉर्ट करून डुप्लिकेट उडवायची आणि एकेकाला “ॲप्ट-गेट डाउनलोड” लावायचं. तर थॉनीसारख्या साध्या गोष्टीसाठीसुद्धा भलीमोठी यादी येते, बाकीची नावं जोडली की तीत एक्झिम पण आहे आणि पोस्टफिक्स पण आहे, मुलांच्या लॅबमध्ये मेल सर्व्हर कशाला? आणि तो सगळा ढीग नेऊन “डीपीकेजी -आय” केलं तर ही पॅकेजेस एकमेकांशी कॉन्फ्लिक्ट करतात म्हणून मध्येच थांबतं.

शिवाय सगळी मशीन सारखी नाहीत, काहींवर आधीच्या कुणीतरी थोडंफार टाकलेलं आहे. हे नीट, दर वेळी हाताने न करता, स्क्रिप्टने कसं करायचं? कमांड देवनागरीतच लिहा, मी टर्मिनलवर बरोबर टाकेन.

टर्मिनलकर

घाटमाथा, काम फार चांगलं करताय. आता अडचण कुठे आहे ते आधी सांगतो, कारण हीच स्क्रिप्ट दहा ठिकाणी कॉपी झालेली दिसते आणि प्रत्येक जण इथेच अडकतो.

“डिपेंड्स --रिकर्स” जे देतं ते उत्तर नसतं, ती नुसती शक्यतांची यादी असते. एखाद्या पॅकेजच्या डिपेंड्समध्ये लिहिलेलं असतं “डिफॉल्ट-एमटीए किंवा मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट”, यातलं काहीतरी एक हवं. दुसरं नाव तर व्हर्च्युअल आहे, म्हणजे त्या नावाचं पॅकेजच नाही, एक्झिम, पोस्टफिक्स, सेंडमेल वगैरे सगळे “मी ते काम करतो” असं प्रोव्हाइड्समध्ये सांगतात. रिकर्स करताना कमांड हे सगळे पर्याय उघडत जाते आणि प्रत्येकाची पुन्हा डिपेंडन्सी काढते. त्यात रेकमेंड्स आणि सजेस्ट्स (नुसती सुचवलेली, सक्तीची नसलेली पॅकेजेस) सुद्धा धरते, ते वेगळे बंद करावे लागतात. म्हणून यादी फुगते आणि म्हणून त्यात एकमेकांचे वैरी एकत्र बसलेले असतात.

यातून नेमकं काय निवडायचं हे काम सॉल्व्हरचं, आणि ते काम शेल स्क्रिप्टमध्ये लिहायला जाऊ नका. पॅकेज इन्स्टॉल होऊ शकतं की नाही हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे (म्हणजे झटपट सोडवायची हमखास रीत माहीत नसलेला प्रश्न), युरोपातल्या एडोस प्रकल्पात हे सिद्ध करून दाखवलंय. डेबियन २.१ पासून, म्हणजे १९९९ पासून, हे काम करायला ॲप्ट बसलेलं आहे, त्यालाच करू द्या. तुमच्या स्क्रिप्टने फक्त त्याला खरी परिस्थिती सांगायची.

खरी परिस्थिती म्हणजे “/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस” ही फाइल. मशीनवर काय काय इन्स्टॉल आहे, कुठलं व्हर्जन, सगळं त्या एका टेक्स्ट फाइलमध्ये असतं. प्रत्येक मशीनवरून ती कॉपी करून आणा, मशीनचं नाव देऊन, स्टेटस-०१, स्टेटस-०२ असं. लॅपटॉपवर ॲप्टला सांगायचं की तुझी स्टेटस फाइल ही समज:

“ॲप्ट-गेट -ओ डिर::स्टेट::स्टेटस=./स्टेटस-०१ --प्रिंट-युआरआयज -क्यूक्यू इन्स्टॉल जीकॉम्प्री-क्यूटी केटर्टल स्टेलॅरियम थॉनी …”

मग ॲप्ट असा हिशोब करतं की जणू ते शाळेतल्या ०१ नंबरच्या मशीनवरच बसलंय, आणि त्या मशीनला नेमक्या ज्या डेब फाइली लागतील त्यांचेच पत्ते छापतं, फाइलचं नाव, साइज आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे तपासायचा आकडा) धरून. यात रूट (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही, काही इन्स्टॉल होत नाही. असं १४ फाइलींवर लूप फिरवा, सगळ्या ओळी एकत्र करून “सॉर्ट -यू”, झाली तुमची यादी. मशीन वेगवेगळी आहेत हा प्रश्न पण यातच सुटतो.

दोन गोष्टी मात्र पाळा. एक, आधी “ॲप्ट-गेट क्लीन” करा, कारण लॅपटॉपच्या कॅशेत जे आधीच उतरलेलं आहे ते प्रिंट-युआरआयजच्या यादीत येत नाही आणि शाळेत गेल्यावर नेमकं तेवढंच कमी पडतं. दुसरी, लॅपटॉपवर उबुंटू असेल किंवा डेबियनचंच दुसरं व्हर्जन असेल तर हे तसंच चालणार नाही, पॅकेजच्या याद्या बुकवर्मच्याच (म्हणजे डेबियन १२ च्याच) हव्यात. त्यासाठी पॉडमन किंवा डॉकरमध्ये डेबियन-बुकवर्मचा कंटेनर (लॅपटॉपच्या आतच चालणारी वेगळी छोटी डेबियन) काढा आणि सगळं त्याच्या आत चालवा. आणि मशीन जुनी म्हणताय तर प्रत्येकावर “डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर” एकदा बघाच, एखादं आय३८६ (३२-बिट) निघालं तर त्याचं फोल्डर वेगळं ठेवावं लागेल. डेबियन १३ मध्ये आय३८६ चा इन्स्टॉलर नाही, त्यामुळे तसं मशीन पुढे १२ वरच राहणार.

साधंसरळ

इतकं कशाला करायचं? एका मशीनसारखं व्हर्च्युअल मशीन करा, त्यात पाहिजे ते इन्स्टॉल करा, “/व्हार/कॅशे/ॲप्ट/अर्काइव्ह्ज” मधल्या सगळ्या डेब फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि शाळेत “डीपीकेजी -आय स्टार-डॉट-डेब”. एखादं अडलं तर परत तीच कमांड मारा, दुसऱ्या फेरीला बसतं. मी आमच्या ऑफिसात असंच करतो आणि आजवर काही बिघडलेलं नाही. नाहीतर ॲप्ट-ऑफलाइन नावाचं तयार टूल आहेच, त्यात नेटवालं मशीन विंडोजचं असलं तरी चालतं.

नदीकाठ

साधंसरळ, एकदाच टाकून विसरून जायचं असेल तर तुमची पद्धत चालेल, पण घाटमाथा दर सत्राला भर टाकणार म्हणतोय आणि तिथेच ती अंगाशी येते. डीपीकेजीने थेट टाकलेलं प्रत्येक पॅकेज ॲप्टच्या हिशोबी “मॅन्युअल” होतं, म्हणजे माणसाने मुद्दाम मागून घेतलेलं. मग उद्या केटर्टल काढलं तरी त्याच्याबरोबर आलेल्या केडीईच्या सगळ्या लायब्ररी तशाच पडून राहणार, “ऑटोरिमूव्ह” त्यांना हात लावत नाही. जुन्या मशीनच्या छोट्या हार्डडिस्कवर दोन-तीन वर्षांत हे चांगलंच जाणवतं. “ॲप्ट-गेट इन्स्टॉल ./स्टार-डॉट-डेब” केलं तरी तेच, सगळी मॅन्युअल.

ॲप्ट-ऑफलाइन मलाही आवडतं, पण त्याला ऑफलाइन मशीनवर पॅकेजच्या याद्या आधी अपडेट झालेल्या लागतात, म्हणजे एक खेप याद्यांसाठी आणि मग दुसरी खेप पॅकेजेससाठी. घाटावरून गावी जाणाऱ्या माणसाला ही दुसरी खेप परवडत नाही.

घाटमाथा, मी काय करते ते सांगते, मी एका संस्थेच्या अशाच लॅब बघते. टर्मिनलकर यांनी सांगितलेली यादी काढायची, पण उतरवलेल्या फाइली सुट्या नेऊन टाकायच्या नाहीत, त्यांची छोटी रिपॉझिटरी (ॲप्ट जिथून पॅकेजेस घेतं तो साठा) करायची. सगळ्या डेब फाइली एका फोल्डरात, त्यात उभं राहून “डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस -एम . > पॅकेजेस”. हे डीपीकेजी-डेव्ह मध्ये मिळतं. -एम विसरायचं नाही, नाहीतर एका पॅकेजची दोन व्हर्जन असतील तर फक्त नवं धरतं. तो फोल्डर लॅबमधल्या एकाच मशीनवर “/एसआरव्ही” खाली ठेवायचा आणि तिथून पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर चालवायचा, लॅन आहेच तुमच्याकडे. बाकीच्या १३ मशीनच्या सोर्सेस-लिस्टमध्ये त्या मशीनचा पत्ता, एका ओळीचं काम. मग प्रत्येक मशीनवर नेहमीसारखं “ॲप्ट-गेट अपडेट” आणि “ॲप्ट-गेट इन्स्टॉल”, तिथलं ॲप्ट स्वतः ठरवतं काय घ्यायचं, मॅन्युअल-ऑटोच्या खुणाही बरोबर राहतात, आणि पेनड्राइव्ह घेऊन १४ मशीनपुढे बसायला लागत नाही.

जुन्या सोर्सेस-लिस्टमधली “सीडीरॉम” ची ओळ मात्र सगळीकडे आधी बंद करा. डीव्हीडीवरून डेबियन टाकलं असेल तर ती ओळ तिथे असते, आणि ॲप्ट डिस्क घाला म्हणून सांगत बसतं, स्क्रिप्ट तिथेच अडते.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, इक्विव्ज. “इक्विव्ज-कंट्रोल” ने एक टेम्प्लेट फाइल मिळते, त्यात पॅकेजचं नाव द्यायचं समजा “शाळा-लॅब”, डिपेंड्समध्ये तुमची सहा नावं, व्हर्जन १.०, मग “इक्विव्ज-बिल्ड” की एक रिकामी डेब फाइल तयार होते, जिच्या पोटात काही नाही, फक्त डिपेंडन्सी. तीच रिपॉझिटरीत टाकायची आणि मशीनवर फक्त “शाळा-लॅब” इन्स्टॉल करायचं. पुढच्या सत्राला काही वाढवायचं तर व्हर्जन १.१ करून नाव जोडायचं, काढायचं तर काढायचं. मशीनवर “डिस्ट-अपग्रेड” की नवं येतं आणि “ऑटोरिमूव्ह” की जुनं जातं. कुठल्या मशीनवर काय असायला हवं हे त्या एका छोट्या फाइलीत लिहिलेलं राहतं, तुम्ही नसताना शाळेतल्या सरांनासुद्धा वाचून कळतं.

टर्मिनलकर

नदीकाठ ताईंचं इक्विव्जचं मला पटलं, मी माझं म्हणणं तिथपर्यंत नेलं नव्हतं. फक्त एक जोडतो, सोर्सेसच्या ओळीत “ट्रस्टेड=यस” लिहावं लागेल, कारण अशा साध्या फोल्डरला रिलीज फाइल नसते, सही नसते, आणि ॲप्ट त्यावर अपडेटच करू देत नाही.

पहारेकरी

इथेच मला बोलायचंय. ट्रस्टेड=यस याचा अर्थ त्या फोल्डरात जे काही असेल ते रूटच्या अधिकारात इन्स्टॉल होणार, कुणी काही विचारणार नाही. बंद लॅनवर शाळेत हे मला चालतं, पण मग फाइली उतरवतानाच त्या खऱ्या आहेत याची खात्री हवी. प्रिंट-युआरआयजची यादी घेऊन डब्ल्यूगेटने (फाइली उतरवायच्या साध्या टूलने) उतरवलं तर सही आणि चेकसम तपासण्याची जी साखळी ॲप्टमध्ये आयती आहे ती तुम्ही सोडून दिली. एक तर यादीतला चेकसम स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाइलीला तपासा, नाहीतर सरळ डब्ल्यूगेट सोडा आणि त्याच कमांडमध्ये प्रिंट-युआरआयजच्या जागी “--डाउनलोड-ओन्ली” लावून “डिर::कॅशे::अर्काइव्ह्ज” ला तुमचा फोल्डर द्या, म्हणजे ॲप्टच उतरवतं आणि ॲप्टच तपासतं. कंटेनरच्या आत रूट असताच, त्यामुळे परवानगीची भानगड नाही. फोल्डरात “पार्शल” नावाचा सबफोल्डर करून ठेवा. फाइलींच्या नावात “%३ए” दिसेल तिथे हात लावू नका, व्हर्जनमधल्या कोलनच्या जागी ॲप्टच ते घालतं.

पुढे कधी ॲप्टली किंवा रेप्रेप्रो वापरून स्वतःच्या जीपीजी कीने सही केलेली रिपॉझिटरी करणार असाल तर उत्तमच, पण जुन्या मशीनचा सीमॉसचा सेल बघून घ्या. सेल संपलेला असला की चालू केल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ॲप्ट म्हणतं की ही रिलीज फाइल अजून वैधच नाही. नेट नाही म्हणजे घड्याळ आपोआप बरोबर व्हायचीही सोय नाही. वीस-तीस रुपयांचा सेल असतो, बदलून टाका.

आणि स्क्रिप्ट १४ मशीनवर कुणी समोर नसताना चालणार असेल तर हे घातल्याशिवाय चालवू नका. “ॲप्ट” नको, “ॲप्ट-गेट” च वापरा, ॲप्ट स्वतःच इशारा देतं की माझं आउटपुट स्क्रिप्टसाठी स्थिर नाही. “डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह” लावा पण ते सुडोच्या नंतर, त्याच ओळीत, कारण आधी एक्सपोर्ट केलेलं सुडो बहुतेक वेळा पुढे जाऊ देत नाही. आणि त्याने फक्त डेबकॉन्फचे (पॅकेज बसवताना विचारले जाणारे) प्रश्न गप्प होतात, कॉन्फिग फाइल बदललीय जुनी ठेवू की नवी हा प्रश्न डीपीकेजी वेगळा विचारतं, त्याला “--फोर्स-कॉन्फडेफ” आणि “--फोर्स-कॉन्फोल्ड” हे दोन्ही ऑप्शन “डीपीकेजी::ऑप्शन्स” मधून द्यावे लागतात.

लॉकचंही (एका वेळी एकच इन्स्टॉल चालावं म्हणून लागणाऱ्या कुलपाचं) तसंच. मशीन चालू झाल्या झाल्या ॲप्ट-डेलीचा टायमर मागे काम करत असू शकतो, अशा वेळी “डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=३००” दिलं की ॲप्ट-गेट पाच मिनिटं थांबून वाट बघतं. लॉकची फाइल आरएमने उडवणाऱ्या स्क्रिप्ट नेटवर ढिगाने आहेत, त्या अजिबात वापरू नका, दोन डीपीकेजी एकाच वेळी त्या स्टेटस फाइलीवर लिहायला लागले तर मशीन दुरुस्त करायला दिवस जातो.

सगळ्यात महत्त्वाचं “--नो-रिमूव्ह”. हे लावलं की इन्स्टॉल करताना एखादं पॅकेज काढावं लागतंय असं दिसताच ॲप्ट-गेट काहीही न करता थांबतं. आठवत असेल, २०२१ साली पॉप-ओएसवर एका प्रसिद्ध यूट्यूबरने स्टीम टाकायला घेतलं आणि डिपेंडन्सीच्या गोंधळात अख्खा डेस्कटॉपच निघून गेला. तिथे निदान माणूस समोर बसलेला होता आणि ॲप्टने त्याला पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं होतं. स्क्रिप्टमध्ये “-वाय” असतं आणि वाचायला कुणी नसतं. मुलं सोमवारी येतील आणि काळी स्क्रीन असेल, हे होऊ द्यायचं नाही. पॅकेज खरोखर काढायचं असेल ते वेगळ्या वेळी, “-एस” ने आधी सिम्युलेट करून, “रेम्व्ह” ने सुरू होणाऱ्या ओळी डोळ्यांनी वाचून.

साधंसरळ

मॅन्युअल-ऑटोचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आत्ता ऑफिसातल्या एका मशीनवर “ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल” करून बघितलं, शेकड्यांनी नावं आली. आता ही परत ऑटो कशी करायची?

नदीकाठ

तीच यादी फाइलीत घ्या, त्यातली तुम्हाला खरंच हवी असलेली नावं वेगळी काढा, डेस्कटॉपचं टास्क पॅकेज, फर्मवेअर आणि कर्नलचं मेटापॅकेज त्यात आठवणीने ठेवा, आणि लायब्ररीसारखी दिसणारी बाकीची “ॲप्ट-मार्क ऑटो” ला द्या. मग लगेच ऑटोरिमूव्ह करू नका, आधी “-एस” लावून काय जातंय ते वाचा.

घाटमाथा

मंडळी, मनापासून आभार. गावाहून आलो, सगळं बसलं. स्टेटस फाइली तिथल्या सरांकडून आधीच फोनवर मागवून घेतल्या, ते टेकाडावर जाऊन पाठवत होते, झिप केल्यावर अगदी लहान होतात. कंटेनरमध्ये डाउनलोड-ओन्लीवाली पद्धत वापरली, “शाळा-लॅब” पॅकेज केलं आणि एका मशीनवरून सगळ्यांना दिलं. यादीत एक्झिमही नाही आणि पोस्टफिक्सही नाही. एक मशीन खरंच आय३८६ निघालं, त्याचा फोल्डर वेगळा केला. दोन मशीनवर नो-रिमूव्हमुळे काम थांबलं, बघतो तर आधीच्या कुणीतरी कुठूनतरी आणलेलं वेगळ्याच व्हर्जनचं लिब्रेऑफिस होतं, ते हाताने काढल्यावर पुढे गेलं.

मराठी टायपिंगला आयबसमध्ये इनस्क्रिप्ट आणि गमभन दोन्ही आले, मुलींनी पहिल्याच दिवशी आपापल्या गावांची नावं टाइप करून काढली.

आता दोनच राहिलंय. जीकॉम्प्री चालतं पण बोलत नाही, आवाज डाउनलोड करायचा म्हणून नेट मागतं. आणि शाळेतल्या मॅडमच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, त्यांना फायरफॉक्स हवाय, तो याच पद्धतीने उतरवला तर डेब फाइल अगदीच चिमुकली आली आणि इन्स्टॉल होताना अडकते.

टर्मिनलकर

उबुंटू २२.०४ मधली फायरफॉक्सची डेब फाइल नावापुरती आहे, ती आतून स्नॅप (उबुंटूचं वेगळ्या प्रकारचं पॅकेज) मागवते आणि स्नॅप इंटरनेटवरून येतो, हे ॲप्टच्या डिपेंडन्सीत कुठेच दिसत नाही, म्हणून तुमची यादी बरोबर असूनही काम अडतं. दोन वाटा आहेत. नेटवाल्या मशीनवर “स्नॅप डाउनलोड फायरफॉक्स” केलं की एक स्नॅप फाइल आणि एक असर्ट फाइल मिळते, दोन्ही नेऊन आधी “स्नॅप ॲक” आणि मग “स्नॅप इन्स्टॉल”, पण त्याला लागणारे बेसचे स्नॅपही असेच न्यावे लागतील. दुसरी वाट मला जास्त सोपी वाटते, मोझिलाने २०२४ पासून स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी दिलीय, त्यात खरी डेब फाइल आहे. ती जोडून घ्या आणि पिनिंगने तिला उबुंटूच्या फायरफॉक्सपेक्षा वरची प्रायॉरिटी द्या, मग तुमची स्टेटसवाली स्क्रिप्ट जशीच्या तशी चालेल. कंटेनर मात्र उबुंटू २२.०४ चा, बुकवर्मचा नको.

नदीकाठ

जीकॉम्प्रीचंही तसंच आहे, आवाजाच्या फाइली प्रोग्राम चालू असताना स्वतः उतरवतो, पॅकेजमध्ये त्या नाहीत. नेट असलेल्या मशीनवर तेच व्हर्जन टाका, एकदा चालवून हवी ती भाषा निवडून आवाज उतरू द्या, मग होममधल्या कॅशे फोल्डरात जीकॉम्प्रीचा फोल्डर सापडेल तो उचलून शाळेत प्रत्येक युजरच्या होममध्ये त्याच जागी ठेवा. मालकी मुलांच्या युजरची करायला विसरू नका, रूटची राहिली तर वाचता येईल न येईल सांगता येत नाही. मी हे लूप लावून एसएसएचवरून करते, लॅबमध्ये सगळीकडे युजरचं नाव एकच ठेवलंय त्यामुळे चार ओळींत होतं. व्हर्जन मात्र दोन्हीकडे एकच हवं, म्हणून तेही बुकवर्मच्या व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवा.

घाटमाथा

मोझिलाची रिपॉझिटरी आजच जोडून बघतो. आवाजाचं पुढच्या खेपेला. स्क्रिप्ट साफ करून इथे टाकतो, कुणाला दुसऱ्या शाळेत वापरायची असेल तर वरच्या तीन ओळीत फोल्डरचा पत्ता, रिलीजचं नाव आणि आर्किटेक्चर एवढंच बदलावं लागेल असं करतोय.